जिन्यावरचे पुशअप: अंगाच्या वजनावर ताकद कमवायला सुरुवात करताना

जमिनीवर एकही पुशअप नीट निघत नाही, म्हणून ‘आधी थोडी ताकद येऊ दे, मग सुरू करू’ असं म्हणत कितीतरी जण वर्षानुवर्षं थांबून राहतात. अशा माणसाने सरळ जिन्यापाशी जावं. खालून चौथ्या पायरीच्या कडेवर दोन्ही तळहात ठेवायचे, पाय मागे न्यायचे, डोक्यापासून टाचेपर्यंत अंग ताठ करायचं. मग छाती पायरीच्या कडेपर्यंत न्यायची आणि परत वर यायचं. जमिनीवर जो एक निघत नव्हता, तो इथे बहुतेकांना सहा-सात वेळा निघतो. अंग तेच, हालचाल तीच, हातांवरचा भार तेवढा हलका झालेला असतो.

अंगाच्या वजनाच्या व्यायामाचं सगळं मर्म या जिन्यात आहे. डंबेलवर किलोचा आकडा छापलेला असतो, इथे तो उंचीत आणि कोनात दडलेला असतो. तो ओळखून आपल्याला झेपेल तेवढाच भार घेणं आणि मग थोडा थोडा वाढवत नेणं, नवशिक्याला पहिल्या सहा महिन्यांत एवढंच जमलं तरी पुष्कळ झालं.

आकडे बघा. जमिनीवरच्या साध्या पुशअपमध्ये हातांवर अंगाच्या वजनाच्या सुमारे ६४ टक्के भार येतो. वजन ७० किलो असेल तर जवळपास ४५ किलो. हात ३० सेंटिमीटर उंचीवर ठेवले की भार सुमारे ५५ टक्क्यांवर येतो. ६० सेंटिमीटरवर ठेवले की ४१ टक्क्यांवर, म्हणजे २९ किलोच्या आसपास. याउलट हात जमिनीवर आणि पाय ६० सेंटिमीटर उंच ठेवले तर तो ७४ टक्क्यांपर्यंत चढतो. जिन्याची पायरी साधारण १५ ते १८ सेंटिमीटर उंच असते. म्हणजे ७० किलोचा माणूस एकेक पायरी खाली येतो तेव्हा दर वेळी हातांवर चारेक किलो वाढवत असतो. इतकी बारीक वाढ फुकटात देणारं दुसरं साधन घरात नाही.

गुडघे टेकून पुशअप करायचा सल्ला सर्रास दिला जातो. भाराच्या हिशोबाने तो चुकीचा नाही, त्यात सुमारे ४९ टक्के वजन हातांवर येतं. अडचण पुढे येते. गुडघ्यांवरून एकदम पूर्ण पुशअपवर जायचं म्हणजे ४९ वरून थेट ६४ वर उडी, मधे एकही टप्पा नाही. शिवाय गुडघे टेकले की बहुतेकांचं अंग कमरेत वाकतं, आणि पोट, नितंब, मांड्या ताठ धरून ठेवायची सवय लागतच नाही. मग गुडघ्यांवर वीस काढणारा माणूस जमिनीवर दोनात संपतो. जिना उपलब्ध असेल तर मी गुडघे टेकायला सांगणार नाही. जिना नसेल तर आधी भिंत, मग भिंतीला टेकवलेलं पक्कं टेबल, मग तसाच पक्का बाक, मग जमीन. सरकणाऱ्या कुठल्याही वस्तूवर हात ठेवू नका. जिन्यावर मोजे घालून उभे राहू नका.

आपली पायरी शोधणं

चौथ्या पायरीवर पाच-सहा पुशअप करून बघा. एकदम सोपे गेले तर एक पायरी खाली या, तिसऱ्यालाच अंग थरथरायला लागलं तर एक पायरी वर जा. ज्या पायरीवर आठ स्वच्छ निघतात आणि ‘अजून दोन निघाले असते’ असं वाटतं, ती तुमची पायरी. हे ‘अजून दोन’ महत्त्वाचं आहे. दर सेटला, म्हणजे न थांबता केलेल्या एका फेरीला, अगदी कोसळेपर्यंत गेलात तर शेवटचे दोन-तीन वाकडेतिकडे निघतात, शरीर तेच वाकडेपण शिकतं, आणि पुढच्या सेटला हातात काही उरत नाही.

आता हालचाल जवळून बघू, कारण पुढचे बरेच व्यायाम हिच्यावरच उभे आहेत.

तळहात खांद्यांपेक्षा किंचित रुंद, बोटं पसरलेली, मधलं बोट समोर. वजन फक्त तळहाताच्या मनगटाजवळच्या भागावर पडू देऊ नका. बोटांच्या मुळांनी जमीन दाबा, मनगटावरचा ताण लगेच कमी होतो. नितंब आवळा, पोट असं घट्ट करा की जणू कोणी हलकी चापट मारणार आहे. खाली जाताना कोपरं अंगापासून साधारण ४५ अंशांत राहू द्या. वरून पाहिलं तर दंड आणि धड मिळून बाणाच्या टोकासारखा आकार दिसला पाहिजे. खाली जायला दोन-तीन सेकंद घ्या, श्वास आत. छाती टेकेल इतकं किंवा मुठीएवढं अंतर राहील इतकं खाली जा, तिथे क्षणभर थांबा, मग श्वास सोडत वर. वर आल्यावर कोपरं सरळ करून जमीन आणखी थोडी दूर ढकला, म्हणजे खांद्यांमागची पाती एकमेकांपासून लांब जातात. हे शेवटचं इंचभर ढकलणं बहुतेक जण सोडून देतात. पाती बरगड्यांना धरून ठेवणारा जो स्नायू आहे त्याला काम तिथेच मिळतं.

बिघाड ठरलेले असतात. पहिला, कंबर खचते. पोट आणि नितंब आधी थकतात, हात अजून चालू असतात, मग मधला भाग पुलासारखा खाली लोंबतो आणि सगळा ताण पाठीच्या खालच्या मणक्यांवर जातो. कंबर खचली की सेट तिथेच संपला असं धरा, हात कितीही ताजे असोत. दुसरा, मान पुढे जाते. नाक आधी जमिनीला लागतं, छाती मात्र तळहातभर वरच असते, आणि माणूस पूर्ण पुशअप केला असं समजतो. नजर हातांच्या थोडी पुढे जमिनीवर ठेवली की मान आपोआप सरळ राहते. तिसरा, कोपरं खांद्याच्या रेषेत बाहेर फाकतात. तसं केल्याने छातीला जास्त व्यायाम होतो असा समज आहे. प्रत्यक्षात खांद्याच्या पुढच्या भागात टोचायला लागतं. चौथा अर्धवट पुशअप. त्याला एकच उपाय आहे. खाली दुमडलेला टॉवेल ठेवायचा आणि छाती त्याला लागली तरच आकडा मोजायचा.

मनगट दुखत असेल तर मुठी वळून त्यांच्यावर करा किंवा न लोळणाऱ्या षट्कोनी डंबेलच्या दांड्या धरा. मनगट सरळ राहिलं की बहुतेकांची तक्रार थांबते.

पायरी कधी उतरायची

तीन सेट, प्रत्येकी पाच ते आठ, मधे दीड ते दोन मिनिटं विश्रांती. तिन्ही सेटमध्ये आठ-आठ स्वच्छ निघाले, आणि हे व्यायामाच्या लागोपाठ दोन दिवशी जमलं, की पुढच्या वेळी एक पायरी खाली. नव्या पायरीवर आकडा सहा-पाच-पाचवर घसरेल. घसरायलाच हवा. नाही घसरला तर तुम्ही आधीच्या पायरीवर उगाच रेंगाळत होता.

इथे अनेकांचा पाय घसरतो. पायरी बदलायच्या ऐवजी ते आकडा वाढवत बसतात. आठचे वीस, वीसचे पन्नास, मग रोज शंभरचा संकल्प. पन्नास पुशअप काढता येणं ही दमाची गोष्ट आहे आणि दम वाईट नाही, पण ताकद वाढायला भार वाढावा लागतो. ही कल्पना नवी नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी अमेरिकी लष्करातले डॉक्टर थॉमस डेलॉर्म जखमी सैनिकांचे कमजोर झालेले पाय पुन्हा उभे करत होते. हलक्या वजनाची लांबलचक आवर्तनं करून घेण्याची तेव्हाची रीत सोडून त्यांनी कमी वेळा आणि हळूहळू वाढत जाणारं जड वजन उचलून घ्यायला सुरुवात केली, आणि १९४५ मध्ये ती पद्धत वैद्यकीय नियतकालिकात मांडली. आपण जिन्यावर तेच करतोय, लोखंडाशिवाय.

रोज करण्याचा मोहही आवरा. सांधे आणि त्यांच्याभोवतीचे स्नायुबंध स्नायूंपेक्षा सावकाश कणखर होतात. तीन-चार आठवड्यांत हात ‘अजून जड चालेल’ म्हणायला लागतात तेव्हा कोपराच्या आतली दोरी अजून तयार झालेली नसते. कोपर आणि खांदा दुखण्याच्या नवशिक्यांच्या बहुतेक तक्रारी या तफावतीतून येतात.

पहिल्या महिन्याबद्दल एक सांगून ठेवतो. या काळात आकडे भराभर वाढतात आणि आरशात काहीच दिसत नाही. ते स्वाभाविक आहे. सुरुवातीची ताकद मुख्यतः मज्जासंस्थेकडून येते. आहेत तेच स्नायुतंतू मेंदू जास्त संख्येने आणि एका वेळी कामाला लावायला शिकतो. स्नायू भरायला वेळ लागतो, दीड-दोन महिन्यांनी बाह्या घट्ट व्हायला लागतात.

ओढण्याचं काय?

जमिनीला ढकलता येतं, ओढता येत नाही. घरी व्यायाम करणाऱ्यांची पाठ म्हणूनच मागे पडते. छाती आणि खांद्यांचा पुढचा भाग दणकट होत जातो, पाठ तशीच राहते, आणि काही महिन्यांनी पुशअप करताना खांदा कुरकुरायला लागतो. ढकलण्याचे जितके सेट, तितकेच ओढण्याचे. हा हिशोब पहिल्या दिवसापासून ठेवा.

सगळ्यात चांगली सोय म्हणजे कमरेच्या उंचीचा पक्का आडवा बार. बार धरून त्याच्या खाली तिरपे व्हा, टाचा जमिनीवर, अंग पुशअपसारखंच ताठ, आणि छातीचा खालचा भाग बारकडे ओढा. आधी पाती मागे ओढायची, मग कोपरं वाकवायची. हा क्रम उलटला की सगळं काम दंड करतात आणि पाठ बघत बसते. पाय बारच्या मागे ठेवून जवळजवळ उभे असाल तर सोपं जातं. पाय एकेक पाऊल पुढे सरकवत अंग आडवं करत न्याल तसं अवघड होत जातं. इथला जिना हा असा पावलांचा आहे. बूट कुठे होते ते जमिनीवर लक्षात ठेवा आणि वहीत लिहा.

बार नसेल तर जाड चादर आणि मजबूत दार चालतं, पण नीट लावा. चादरीच्या एका टोकाला मोठी गाठ मारा, गाठ दाराच्या पलीकडे टाका, चादर दाराच्या वरच्या कडेवरून आपल्या बाजूला घ्या, दार लावून कडी घाला. दार पलीकडच्या खोलीत उघडणारं हवं. तुम्ही ओढाल तसं ते चौकटीवर आणखी दाबलं जातं. तुमच्याकडे उघडणाऱ्या दारावर सगळा भार एका कडीवर येतो, आणि कडी निसटली तर डोकं मागे आपटतं. जुनी विरलेली चादर किंवा आतून पोकळ हलकं दार असेल तर हा प्रयोग करूच नका. आधी अर्ध्या भाराने दोन-चार हिसके देऊन बघा, मग पूर्ण अंग सोडा. टेबलाखाली झोपून त्याची कड धरून ओढायची युक्तीही सांगितली जाते. टेबल जड, रुंद आणि चौपायी असेल तरच ती करा. एका खांबावरचं टेबल अंगावर येतं.

मग सिंगल बार. पुल-अप म्हणजे बारला लटकून हनुवटी बारच्या वर नेणं. त्यात जवळपास पूर्ण अंगाचं वजन उचलायचं असतं, त्यामुळे तो यायला पुशअपपेक्षा जास्त काळ लागतो आणि वजनदार माणसाला आणखी जास्त. त्यात कमीपणा मानण्यासारखं काही नाही.

सुरुवात लटकण्यापासून. वीस ते तीस सेकंद, तीन वेळा. बहुतेकांची आधी पकड सुटते, पाठीचा नंबर नंतर. तीस सेकंद जमलं की हात सरळ ठेवूनच खांदे कानांपासून खाली ओढायचे. अंग जेमतेम चार-पाच सेंटिमीटर वर येतं, बघणाऱ्याला काही झालंसं वाटतही नाही, पण पुल-अपची पहिली हालचाल हीच आहे. असं आठ वेळा सावकाश जमलं की पुढचा टप्पा घ्या. स्टुलावर चढून हनुवटी बारच्या वर ठेवा, पाय सोडा, आणि पाच सेकंद मोजत खाली या. वर चढायला जितकी ताकद लागते त्यापेक्षा जास्त भार स्नायू खाली येताना पेलू शकतो, म्हणून चढता न येणारा माणूसही सावकाश उतरू शकतो. एकेक असे तीन ते पाच, प्रत्येकानंतर मिनिट-दीड मिनिट विश्रांती. मधूनच धपकन खाली पडायला झालं की त्या दिवसापुरतं थांबा.

आठवड्यातून दोनदाच, त्यापेक्षा जास्त नाही. सावकाश उतरण्याने स्नायू सगळ्यात जास्त दुखतात, आणि हे दुखणं दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कळसाला जातं. पहिल्याच दिवशी उत्साहाने तीस-चाळीस केले तर प्रकरण नुसत्या दुखण्यावर थांबत नाही. दंड सुजून हात सरळ होईनासे झाले आणि लघवीचा रंग गडद तपकिरी दिसला तर तो स्नायू मोठ्या प्रमाणावर तुटल्याचा इशारा असतो. मूत्रपिंडांना त्याचा धोका असतो. त्याच दिवशी डॉक्टरकडे जायचं, उद्यावर ढकलायचं नाही.

दहा सेकंदांचे तीन उतार जमले की पुल-अप करून बघा. तळहात आपल्याकडे वळवून धरलेत तर दंडाची मदत जास्त मिळते, पहिला बहुधा तसाच निघतो. रबरी पट्टा पायात अडकवून सराव करणारे असतात. तो सगळ्यात जास्त मदत तळाशी करतो, जिथे तो पूर्ण ताणलेला असतो, आणि सगळ्यात कमी वर, जिथे नवशिका हमखास अडकतो. म्हणून माझा कल सावकाश उतरण्याकडे आहे.

पाय

साधी बैठक लवकर सोपी होते, म्हणून तिच्यावर फार वेळ घालवत नाही. पाय खांद्याइतके रुंद, पंजे थोडे बाहेर, मागे खुर्ची. खुर्चीला नितंब टेकताच वर उठायचं, धपकन बसायचं नाही. टाचा उचलल्या जात असतील तर घोटे आखडलेले आहेत. टाचांखाली दोन-तीन सेंटिमीटरची फळी ठेवून काम चालू ठेवा आणि रोज भिंतीसमोर गुडघा पुढे नेऊन घोटा मोकळा करत राहा. गुडघे आत झुकत असतील तर ते पायाच्या करंगळीच्या दिशेला ढकला. तीन सेट पंधराचे आरामात झाले की पन्नासच्या मागे लागू नका, एका पायाकडे वळा.

एका पायाची बैठक म्हणजे लगेच दुसरा पाय हवेत धरून बसणं नव्हे. आधी मागे-पुढे पाय ठेवून खाली जाणं शिका, जिला स्प्लिट स्क्वॉट म्हणतात. मागच्या पायाचा चवडा टेकलेला, मागचा गुडघा सरळ खाली जमिनीवर ठेवलेल्या घडीच्या कापडापर्यंत, वजन पुढच्या पायावर. पुढची टाच उचलली गेली तर पावलांमधलं अंतर कमी पडतंय. तोल जात असेल तर बहुधा दोन्ही पावलं एकाच रेषेत आली आहेत. रुळाच्या दोन पट्ट्यांवर एकेक पाय ठेवल्यासारखी ती कमरेइतकी रुंद ठेवा. सुरुवातीला एक हात भिंतीला लावायला हरकत नाही. आधी कमजोर पाय, मग जोरकस पायाने तेवढेच. जोरकस पायाला जास्त करू दिलंत तर फरक कधीच मिटत नाही. दोन्ही बाजूंनी तीन वेळा दहा झाले की मागचा पाय खुर्चीवर ठेवा. अचानक पुन्हा सहावर आल्याचं दिसेल. पुढचे कित्येक महिने हा एक व्यायाम पुरतो.

मांडीच्या मागच्या भागाला बैठकीत फारसं काम मिळत नाही. पाठीवर झोपून, गुडघे वाकवून कंबर उचला, वर दोन सेकंद थांबा. पंधरा सोपे झाले की एका पायावर. तेही सोपं झालं की गुळगुळीत फरशीवर टाचांखाली टॉवेल घ्या, कंबर उचलून धरा आणि टाचा सावकाश पुढे सरकवत पाय लांब करा. परत ओढता येत नसेल तर कंबर टेकवा, पाय जवळ घ्या, पुन्हा उचला. मांडीत गोळा येणं इथे नेहमीचं आहे, आला की त्या दिवशी तेवढ्यावर थांबा.

पोटासाठी प्लँक, म्हणजे हात आणि चवड्यांवर अंग ताठ धरून ठेवणं, पुरे, पण घड्याळ बघून त्याचा मॅरेथॉन करू नका. चाळीस सेकंद कडक धरता आलं की हात थोडे पुढे सरकवा, भार वाढतो. त्यासोबत पाठीवर झोपून, कंबर जमिनीला चिकटवून, विरुद्ध हात-पाय आळीपाळीने लांब करा. कंबर जमिनीपासून सुटली की पाय तेवढा खाली न्यायचा नाही.

आठवडा कसा लावायचा

आठवड्यातून तीन दिवस, मधे एकेक दिवस सोडून. सोमवार, बुधवार, शुक्रवार धरा. आधी पाच-सात मिनिटं अंग गरम करा. जागच्या जागी चालणं, खांद्यांचे मोठे वेढे, मनगटं फिरवणं, दहा हलक्या बैठका, आणि आजच्या पायरीपेक्षा दोन पायऱ्या वर पाच पुशअप. मग पुशअप आणि ओढणं यांची जोडी. एक सेट पुशअप, दीड मिनिट, एक सेट ओढणं, दीड मिनिट, असं तीनदा. एका स्नायूला आराम मिळत असताना दुसरा काम करतो आणि वेळ वाचतो. नंतर बैठक आणि कंबर उचलणं यांची अशीच जोडी, शेवटी पोटाचे दोन सेट. लटकणं आणि सावकाश उतरणं फक्त सोमवारी आणि शुक्रवारी, ओढण्याच्या आधी. हे असतील त्या दिवशी ओढण्याचा एक सेट कमी करा. सगळं मिळून पाऊण तास होतो.

पहिल्या आठवड्यात मात्र प्रत्येक व्यायामाचा एकच सेट, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यापासून तीन. पहिल्या दिवशी ‘हे तर काहीच नाही’ असं वाटलं तरी एकच. जिना उतरताना आई गं म्हणायची वेळ आलेला माणूस चौथ्या दिवशी परत येत नाही.

तीन दिवस जमतच नसतील तर दोन करा. जागतिक आरोग्य संघटनेची प्रौढांसाठीची शिफारसही आठवड्यातून किमान दोन दिवस मोठ्या स्नायूंना बळ देणाऱ्या व्यायामांचीच आहे. प्रथिनं रोज वजनाच्या दर किलोमागे सुमारे १.६ ग्रॅम मिळाली की स्नायू बांधायला पुरतात. मूत्रपिंडाचा विकार असेल तर हा आकडा डॉक्टरांनाच ठरवू द्या. झोप सात तासांच्या खाली गेली की ते वहीत लगेच दिसतं.

वहीत लांबलचक काही लिहायचं नसतं. ‘बुधवार. पुशअप, तिसरी पायरी: ८, ७, ६. शेवटच्या सेटला कंबर खाली. ओढणं, टाचा दुसऱ्या फरशीवर: ८, ८, ७.’ बस. पुढच्या वेळी काय करायचं ते या दोन ओळी सांगतात. पोट आधी थकतंय, म्हणून पायरी तीच ठेवायची आणि सेटमधली विश्रांती अर्ध्या मिनिटाने वाढवायची. वही नसेल तर माणूस अंदाजाने करतो, आणि अंदाज त्या दिवशीच्या मूडप्रमाणे चालतो.

आकडा तीन आठवडे हलला नाही तर आधी झोप आणि विश्रांतीचे दिवस तपासा. ते ठीक असतील तर एक आठवडा सेट निम्मे करा, पायरी तीच ठेवा. नंतरच्या सोमवारी बहुधा अडलेला एक-दोनचा आकडा सुटतो. तरीही अडलाच तर मधली पायरी तयार करा. दोन पायऱ्यांच्या मधे जाड फळी ठेवली की अर्धी पायरी मिळते, किंवा त्याच पायरीवर खाली जायला पाच सेकंद घ्या.

दुखण्यात फरक करायला शिका. स्नायूच्या पोटात, दोन्ही बाजूंना सारखं, हात लावल्यावर हुळहुळणारं दुखणं एक-दोन दिवसांत जातं, हलक्या हालचालीने लवकर जातं. सांध्यात, एकाच बाजूला, सुई टोचल्यासारखं, व्यायाम चालू असतानाच होणारं दुखणं वेगळं. त्यावर जिद्द चालवू नका. दोन पायऱ्या वर जा. तिथेही दुखत असेल तर तो व्यायाम आठवडाभर बंद ठेवा आणि बाकीचे चालू द्या. आठवड्यानंतरही तसंच राहिलं तर दाखवून घ्या. रक्तदाब जास्त असेल, हृदयाचा त्रास असेल, गरोदरपण असेल किंवा नुकती शस्त्रक्रिया झाली असेल तर सुरू करण्याआधीच डॉक्टरांशी बोला. श्वास कोंडून जोर लावू नका. रक्तदाब क्षणात वर उडतो.

आणि खंड पडतोच. प्रवास, आजारपण, कामाचा रेटा. एक आठवडा चुकला तर काही जात नाही, होता तिथूनच सुरू करा. दोन-तीन आठवडे गेले तर एक पायरी वर जाऊन दोनच सेट करा. महिना-दीड महिना गेला तर दोन पायऱ्या वर, पहिल्या आठवड्याला एकच सेट. पूर्वी जिथे पोचायला दोन महिने लागले होते तिथे या वेळी दोन-तीन आठवड्यांत पोचता येतं, कारण एकदा शिकलेली हालचाल आणि कमावलेला स्नायू शरीर पूर्णपणे विसरत नाही. फक्त सावकाश उतरण्याचा व्यायाम खंडानंतर पहिल्याच दिवशी घेऊ नका, त्याला दुसरा आठवडा द्या.